भट्टीजवळचे शब्द

जालन्याच्या औद्योगिक वसाहतीत पोलाद कारखान्यांच्या रोहित्रांभोवती जाळी असते आणि त्या जाळीला तारेने एक पत्रा बांधलेला असतो. पांढऱ्यावर तांबडी कवटी, तिच्याखाली एकमेकांवर आडवी ठेवलेली दोन हाडे, व्होल्टचा आकडा आणि शब्द : धोका, खतरा, डेंजर. रोजच्या येण्याजाण्यात तो इतका डोळ्यांखालून जातो की कुणी वाचत नाही. मला मात्र तो थांबून वाचावा असा मजकूर वाटतो. १९५६च्या विद्युत नियमांनी असा फलक हिंदीत किंवा इंग्रजीत आणि शिवाय जिल्ह्याच्या स्थानिक भाषेत लावायला सांगितला. कवटी कशी असावी हेही भारतीय मानकाने ठरवून दिले. भीती या एका भावनेची भाषांतरे सरकारने करवून घेतली, आणि ज्याला यातले एकही अक्षर लागत नाही त्याच्यासाठी चित्र काढून ठेवले. इतके करूनही तिन्ही शब्द एकच गोष्ट सांगत नाहीत.

आधी आपला शब्द घेऊ. ‘धोका’ मराठीत दोन अर्थांनी नांदतो. ‘पुढे वळणावर धोका आहे’ म्हणजे संकट, आणि ‘त्याने मला धोका दिला’ म्हणजे विश्वासघात. हे दोन अर्थ एका शब्दात एकत्र राहिले, त्यामुळे मराठी माणसाचे संकट दुरून गर्जना करत येत नाही. ते ओळखीच्या चेहऱ्याने शेजारी उभे असते आणि ऐन वेळी दगा देते. विजेच्या तारेला हा शब्द म्हणूनच चपखल बसतो. तारेत वीज आहे की नाही हे तिच्याकडे पाहून कळत नाही.

पोलादाच्या भट्टीपाशी तर तो आणखी खरा ठरतो. जालन्यात बियाण्यांइतकाच सळईचा धंदा मोठा. इथल्या अनेक कारखान्यांत भंगार वितळवून त्याचे बिलेट आणि बिलेटची सळई होते. इंडक्शन भट्टीत वितळलेले लोखंड १६०० अंश सेल्सिअसच्या आसपास असते. त्यात भंगाराचा ढीग पडतो तेव्हा त्या ढिगात एखादा झाकण बसलेला डबा असू शकतो, दोन्ही तोंडे दाबून बंद झालेली नळी असू शकते, नाहीतर रात्रीच्या पावसाचे पाणी धरून बसलेला वाकडातिकडा पत्रा असू शकतो. पाण्याची वाफ होताना त्याचे आकारमान हजार पटींहून अधिक वाढते. तेच वितळलेल्या धातूच्या पोटात झाले तर वाफेला वाट मिळत नाही आणि ती धातूसकट उसळते. ऑगस्ट २०२४मध्ये याच वसाहतीतल्या एका पोलाद कारखान्यात भट्टीचा स्फोट होऊन कितीतरी कामगार भाजले. भंगारातला बंद डबा दिसायला गरीब असतो. त्याच्या बाबतीत ‘धोका’ हा शब्द दोन्ही अर्थांनी तंतोतंत लागू पडतो, आणि कारखान्याच्या भिंतीवरचा दुसरा कुठलाही शब्द मला इतका अचूक वाटत नाही.

पण हा रस मराठी वाचकालाच मिळतो. भट्टीपाशी उभा असलेला माणूस पुष्कळदा बिहारचा, उत्तर प्रदेशचा, झारखंडचा असतो. लिपी एकच असल्याने तो ‘धोका’ वाचतो आणि त्याच्या कानात ‘धोखा’ उमटतो. हिंदीत धोखा म्हणजे फसवणूक, संकट नव्हे. संकटाला त्याचा शब्द ‘खतरा’. दोन भाषांची लिपी वेगळी असती तर त्याने निदान कुणाला तरी विचारले असते. इथे शब्द समजल्यासारखा वाटतो आणि म्हणून विचारलाच जात नाही.

‘खतरा’ मुळात अरबी. मराठीत तो तसा पाहुणाच, पण तरुणांनी त्याला घरचा केला तो वेगळ्याच रीतीने. ‘खतरनाक’ आता चांगल्या मिसळीलाही म्हणतात आणि चांगल्या बॅटिंगलाही. यात नवल काही नाही. ‘भयंकर सुंदर’ म्हणणारे आपणच, आणि इंग्रजीतला ‘टेरिफिक’ही मुळात दहशतीच्याच घरातला. भीतीचे शब्द वापरून वापरून गोड होतात. ‘डेंजर’चा प्रवास मात्र उलटा झाला. हा शब्द जुन्या फ्रेंचमधून इंग्रजीत आला आणि त्याचे मूळ लॅटिनमधल्या ‘मालक, धनी’ या शब्दात आहे. मध्ययुगीन इंग्रजीत एखाद्याच्या ‘डेंजर’मध्ये असणे म्हणजे त्याच्या सत्तेखाली, त्याच्या कचाट्यात असणे. म्हणजे ज्याचे भाषांतर आपण ‘धोका’ असे करतो, तो शब्द जन्माने आपल्या ‘धाक’ आणि ‘दरारा’ यांच्या जवळचा होता.

धाक, दरारा, वचक, जरब. हे चार शब्द इंग्रजीत न्यायचे झाले तर भाषांतरकाराला घाम फुटेल, कारण ही भीती घाबरणाऱ्याच्या मालकीची नाही, ती घाबरवणाऱ्याच्या मालकीची आहे. ‘साहेबांचा दरारा’ आपण म्हणतो. दरारा साहेबांचा, पाय लटपटतात दुसऱ्याचे. ‘त्याचा वचक राहिला नाही’ या वाक्यात हळहळसुद्धा आहे. भीतीकडे मालमत्ता म्हणून पाहणारी ही दृष्टी जुन्या वाड्यांतून, चावडीतून आली असेल. कारखान्यातही ती आली आणि मुकादमाच्या आवाजात मुक्कामाला राहिली.

आणि मग घाबरणाऱ्याकडे काय उरते? तो म्हणतो, ‘मला भीती वाटते.’ या साध्या वाक्यावर माझा फार जीव आहे. इंग्रजी माणूस ‘आय अ‍ॅम अफ्रेड’ म्हणतो तेव्हा तो स्वतः भीतीने भरून जातो, कर्ता होतो. मराठीत भीती वेगळी राहते आणि मी वेगळा राहतो. ती मला वाटते. आयरिश भाषेत तर ती अंगावर बसते. ‘ता अग्ला ओरम’, म्हणजे शब्दशः ‘माझ्यावर भीती आहे’. धीर द्यायचा तर आयरिश माणूस ‘तुझ्यावर भीती असू देऊ नकोस’ असे सांगतो, झटकून टाक म्हणावे तसे. लेडी ग्रेगरी आणि जे. एम. सिंज यांनी आपल्या नाटकांतल्या इंग्रजीला आयरिश वाक्याचे वळण दिले, तेव्हा असल्या वाक्यांचा डौल इंग्रजी रंगभूमीवर ऐकू आला. सरळ इंग्रजीत आणले की तो डौल जातो. अंगावर आलेली गोष्ट अंगावरून उतरूही शकते, हे आश्वासन त्या बांधणीत होते आणि भाषांतरात तेच गळते.

मराठी वाक्यात त्याहून एक जास्तीची गोष्ट आहे. ‘वाटणे’ हे क्रियापद आपण मतासाठीही वापरतो. ‘मला वाटते आज पाऊस येईल.’ ‘मला वाटते हा भाव जास्त आहे.’ त्याच क्रियापदाने भीती येते. त्यामुळे ‘मला भीती वाटते’ या वाक्यात भावनेइतकाच अंदाज आहे. डोळ्यांनी काही पाहिले, कानांनी काही ऐकले, मनाने हिशेब केला आणि उत्तर भीती असे आले. (‘मी घाबरलो’ हेही मराठीच, पण ते घडून गेल्यावरचे वाक्य आहे. त्यात हिशेब नाही, नुसते पाय आहेत.) भोपाळच्या दुर्घटनेनंतर १९८७ साली कारखाना अधिनियमात दुरुस्ती झाली आणि ४१ एच हे कलम आले. धोकादायक प्रक्रिया चालणाऱ्या कारखान्यात जीवाला किंवा आरोग्याला तातडीचे संकट आहे अशी रास्त धास्ती वाटली तर कामगाराने ती भोगवटादाराच्या, व्यवस्थापकाच्या किंवा देखरेख करणाऱ्याच्या कानावर घालावी, आणि संकट खरे असेल तर त्यांनी लगेच उपाय करावा, असा त्याचा आशय होता. इंग्रजी मसुद्यात त्यासाठी ‘रीझनेबल अ‍ॅप्रिहेन्शन’ असे दोन भारदस्त शब्द होते. मराठी कामगार पहिल्यापासून ‘मला भीती वाटते’ म्हणत आला आहे, आणि त्याच्या क्रियापदात कायद्याला हवा असलेला रास्तपणा आधीच बसलेला आहे. या कलमाचे इतके सुंदर भाषांतर दुसरे होणार नाही.

पण हे वाक्य तोंडातून बाहेर यायला हवे. तिथे एक वेगळाच शब्द आडवा येतो : भीड. नवा आलेला कंत्राटी कामगार ढिगाकडे पाहतो. त्याला म्हणायचे असते, ‘मुकादम, भंगार वलं दिसतंय.’ चार शब्द. तो म्हणत नाही. तो भट्टीला भ्यालेला नसतो, त्याला मुकादमाची भीड पडलेली असते. आपण आज आलो, हे लोक दहा वर्षांचे, आपण काय सांगायचे. इंग्रजीत या भिडेला शब्द नाही. लाजाळूपणाला आहे, आदराला आहे, भीतीला आहे. तिन्हींचे मिश्रण करून पाहिले तरी भीड होत नाही. आयरिशमध्ये मात्र तिची सख्खी बहीण सापडते. ‘फातीस’ या शब्दात भीती आणि संकोच दोन्ही आहेत. अनोळखी माणसापुढे मूल आईच्या मागे दडते तेव्हाही हाच शब्द आणि पुढे काही वाईट होईल असे वाटते तेव्हाही हाच. ‘भीतीच्या भीतीपोटी’ अशा अर्थाचा त्या भाषेत एक वाक्प्रचार आहे आणि त्याचा खरा अर्थ फक्त ‘खबरदारी म्हणून’ एवढाच. आपण ‘न जाणो’ म्हणतो तसे. आपल्याकडे भीड चेपते, भीड मोडते, आणि ‘भीड भिकेची बहीण’ असे जुनी माणसे सांगून गेली. भट्टीपाशी ती भिकेहून वाईट गोष्टीची बहीण होते.

धैर्याचे शब्द पाहू. ‘धैर्य’ पुस्तकात आणि भाषणात राहते. रोजच्या तोंडी ‘हिंमत’, ‘छाती’, ‘काळीज’, ‘जिगर’. इंग्रजी ‘करेज’मध्येही मुळात हृदयच आहे, म्हणजे काळजाशी नाते जोडण्यात आपण एकटे नाही. अलीकडे कारखान्यात सर्वांत जास्त चालतो तो ‘डेअरिंग’. इंग्रजीत या शब्दाला धाडसाइतकाच बेफिकिरीचाही वास आहे. आपण तो घेताना शाबासकी तेवढी घेतली आणि बेफिकिरी तिकडेच ठेवली. हातमोजे न घालता तापलेल्या सळईजवळ गेला तो डेअरिंगवाला, घालायला मागितले तो भित्रा. एका उसन्या शब्दाने किती हातांची कातडी गेली असेल, याचा हिशेब कुठल्याच कोशात नाही.

माझ्या मते मराठीने धैर्याला दिलेला सर्वांत मोलाचा शब्द ‘धीर’ आहे. तो धरायचा असतो, द्यायचा असतो, सुटतो, खचतो. ‘धीर धर’ म्हणजे थांब आणि ‘धीर दे’ म्हणजे आधार दे. हिंमत, सबुरी आणि सांत्वन अशा तीन गोष्टींसाठी इंग्रजीला तीन दारे ठोठावावी लागतात. आयरिशचा ‘मिश्नख’ त्यातल्या त्यात जवळ येतो, कारण तोही एकाने दुसऱ्याला देता येतो. धैर्य ही एकट्याच्या छातीत कोंडलेली वस्तू आहे असे या दोन्ही भाषा मानत नाहीत. ते हातातून हातात जाते.

धीराच्या शेजारी ‘दम’ ठेवून पाहा. फारसीत दम म्हणजे श्वास. मराठीत तो कुठल्या कुठे गेला! ‘दम आहे का तुझ्यात?’ ही ललकारी. ‘दम दिला’ ही धमकी. ‘दम धर’ ही सबुरी. ‘दम लागला’ ही धाप. आणि मराठवाड्यात कुणी जड वस्तू उचलत असेल, घाईने काही करत असेल तर मागून आवाज येतो, ‘दमानं!’ श्वासाच्या चालीने, फुप्फुसाला झेपेल तसे. एकाच शब्दाने ललकारायचे आणि त्याच शब्दाने आवरायचे, ही या बोलीची किमया आहे. धीर दिला तर माणूस सावरतो, दम दिला तर तो बावरतो. पण धीर धर काय आणि दम धर काय, अर्थ एकच. ‘देणे’ आणि ‘धरणे’ या दोन क्रियापदांत सगळा खेळ आहे. मुकादमाने दम द्यायचा की ‘दमानं’ म्हणायचे, यावर त्या पाळीचे पुष्कळ काही ठरते. मागून ‘दमानं’ म्हणणारा माणूस असेल तर पुढचा माणूस शंका बोलून दाखवतो. एरवी गिळतो.

आता ज्या शब्दासाठी हा सगळा खटाटोप मांडला तो शब्द : सावधान.

वसाहतीत तो पावलोपावली आहे. क्रेनखाली सावधान, विजेच्या खोलीपाशी सावधान, ट्रक मागे येत आहे, सावधान. आणि याच जालना जिल्ह्यात या शब्दाची मराठीतली सर्वांत गाजलेली कथा घडली. घनसावंगी तालुक्यातले जांब हे समर्थ रामदासांचे जन्मगाव. सूर्याजीपंत ठोसरांच्या घरी १६०८ साली नारायण जन्मला. बाराव्या वर्षी लग्न ठरले, अंतरपाट धरला, भटजींनी ‘शुभमंगल सावधान’ म्हटले आणि तो शब्द ऐकताच नारायण मांडवातून निघून गेला, अशी परंपरेने आलेली कथा आहे. शेकडो वर्षे लाखो मांडवांत तो शब्द म्हटला गेला आणि लोकांनी पुढच्या अक्षता टाकल्या. एका मुलाने तो ऐकला. त्याला तो आज्ञेसारखा लागला. या कथेकडे वैराग्याची कथा म्हणून पाहतात, मला ती वाचनाची कथा वाटते. झिजून गेलेल्या शब्दाचा पूर्ण अर्थ एकाने घेतला आणि त्याप्रमाणे तो वागला.

तो पळाला, असेही म्हणतात. पळणे भीतीचे की धैर्याचे? भरल्या मांडवात, वडीलधाऱ्यांसमोर, भीड मोडून उठणे हे त्या वयाला सोपे नसणार. पुढे टाकळीला बारा वर्षे तप, मग देशभर फिरणे, गावोगावी मारुती. अंधाराला घाबरणाऱ्या मुलाच्या तोंडी आजही भीमरूपी स्तोत्र असते ते याच माणसाचे. मनाच्या श्लोकांत त्यांनी भयाचा उच्चार पुन्हा पुन्हा केला, आणि दासबोधात हरिकथा व राजकारण यांच्या पाठोपाठ तिसरे स्थान दिले ते सावधपणाला. शौर्याला नव्हे. हा क्रम मला फार बोलका वाटतो. बलोपासना शिकवणाऱ्या माणसाने बळाच्या आधी डोळे उघडे ठेवायला सांगितले.

शब्द उघडून पाहिला की कारण कळते. स आणि अवधान. अवधानासहित. त्यात संकट नाही, शत्रू नाही, मरण नाही. फक्त लक्ष आहे. ज्ञानेश्वरीच्या नवव्या अध्यायाच्या आरंभी ज्ञानदेव श्रोत्यांकडे मागतात ते अवधानच, आणि त्याच्या बदल्यात सर्व सुखाचे आश्वासन देतात. ‘धोका’ समोरच्या वस्तूबद्दल बोलतो. ‘सावधान’ वाचणाऱ्याबद्दल बोलतो, त्याच्या डोळ्यांवर आणि बुद्धीवर विश्वास टाकतो. म्हणून मी त्याला भीतीच्या शब्दांत न धरता धैर्याच्या शब्दांत धरतो. आयर्लंडच्या रस्त्यांवर इशाऱ्याच्या पाट्यांवर एक शब्द असतो, उच्चार आपल्या ‘अरे’च्या जवळचा, आणि त्याचा अर्थही लक्ष, काळजी, अवधान हाच. ‘जपून राहा’ म्हणायचे तर तिथला माणूस शब्दशः ‘अवधान दे’ म्हणतो. भिन्न टोकांच्या दोन भाषांनी रस्त्याच्या कडेला उभे राहून हाक मारताना भीती बाजूला ठेवली आणि लक्ष मागितले, हे वाचून मला खरोखर आनंद झाला.

यंत्रांच्या माहितीपुस्तकांत मात्र या शब्दाची किंमत घसरते. अमेरिकी मानकांत इशाऱ्याचे तीन दर्जे आहेत : डेंजर म्हणजे मृत्यू किंवा गंभीर इजा होणारच, वॉर्निंग म्हणजे होऊ शकते, कॉशन म्हणजे किरकोळ किंवा मध्यम इजा होऊ शकते. भाषांतर करणारा तिसऱ्या जागी ‘सावधान’ लिहितो आणि आपला सर्वांत जागा शब्द खालच्या पायरीवर बसतो. मधल्या जागी हल्ली हिंदीवरून ‘चेतावणी’ येते. मराठीत चेतवणे म्हणजे पेटवणे, भडकवणे. भट्टीशेजारी हा शब्द लिहायला हात धजावू नये. त्या जागेला ‘इशारा’ आहे, ‘ताकीद’ आहे. ‘खबरदार’ही होता, पण निजामी अमदानी पाहिलेल्या या मुलखात तो दरडावण्यापुरता उरला. त्याचा मूळ अर्थ ‘ज्याच्याकडे खबर आहे तो’. ‘खबरदारी’ या नामात तो अर्थ अजून शाबूत आहे, तेवढा जपायला हवा.

तेव्हा जालन्याच्या कारखान्यांत जे सुरक्षा अधिकारी, पर्यवेक्षक आणि रंगारी पाट्या लिहितात त्यांना माझी विनंती आहे. नुसते ‘धोका’ लिहून थांबू नका. ‘सावधान’ लिहा आणि अवधान कशाकडे द्यायचे तेही लिहा : भंगार ओले नाही ना, डबा बंद नाही ना, पाहा. शंका आली तर भट्टीत टाकणे थांबवा आणि सांगा. हिंदी बोलणाऱ्यासाठी हे सगळे त्याच्या हिंदीत वेगळे लिहा, लिपी एक आहे म्हणून भागवू नका. १९४८च्या कारखाना अधिनियमाच्या १०८व्या कलमाने कारखान्यातल्या सूचना इंग्रजीत आणि तिथल्या बहुसंख्य कामगारांना समजेल अशा भाषेत लावायला सांगितले होते. कोणती भाषा, हे त्या कलमाने कामगारांवर सोपवले होते.